जुन्नर-आंबेगावचा समुद्रकिनारा

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना समुद्र नाही, ही निसर्गाची कसूर आमच्या मामांनी केव्हाच भरून काढली आहे. उन्हाळ्यात डिंभे धरणाचं पाणी हटलं, की घोडनदीचा जो काठ उघडा पडतो, तो त्यांचा बीच. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगावच या पाण्यात गेलेलं. तेव्हा काठावर काय सापडेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. सापडतात शिंपले आणि गारगोट्या. पण मामांच्या खिशात शिरली, की गारगोटीची जातच बदलते.

"ह्यो बघ, हिरा."

"मामा, गारगोटी आहे ती."

"काच कापती की!"

काच गारगोटीही कापते. मामींच्या खिडकीवर त्याचा पुरावा आहे.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि आत स्टिल्बाइट, अपोफिलाइट असे देखणे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेआड, दिव्याखाली ऐटीत बसलेत. मामा तिथून बाहेर पडले ते "आपलाच माल हाय" असं म्हणत.

इथे खरा परदेशी माल एकच आहे आणि त्याच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत. जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर पांढुरक्या राखेचा थर आहे. ही राख आपल्या कुठल्या चुलीतली नव्हे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतली. तीन हजारांहून जास्त किलोमीटर वाऱ्यावर आली, पावसाने धुपली आणि नदीने काठाला लावली. नाणेघाटातला जकातीचा रांजण तेव्हा कोरलेला नव्हता, नाहीतर एवढा माल फुकट वर चढता ना!

तिच्या वयाची मात्र पंचाईत आहे. कोणी 14 लाख वर्षं काढली, कोणी पावणेसात लाख, तर कोणी टोबाच्या शेवटच्या महास्फोटाशी जुळवून 75 हजारांवर आणली. लग्नाच्या बाजारातही वय इतकं उतरत नाही. बरं, वाद नुसता राखेचा नाही. त्याच ठिकाणी आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. राखेचं वय ठरलं, तरच त्या हातकुऱ्हाडींच्या जन्मतारखेचा अंदाज लागणार.

हे सगळं मी मामांना रंगवून सांगितलं. ते चिमूटभर राख बोटांत चोळत म्हणाले, "हिच्यात हिरा न्हाई ना? मग ऱ्हाऊ दे."

मामींनी मात्र कान टवकारले. "बारीक काच असती म्हणतोस हिच्यात?"

"हो. ज्वालामुखीची काच. धारदार कण असतात."

"मग आण की पिशवीभर. हिचं वय ठरंस्तोवर माझ्या कढया तरी निघतील."