चाळीस घोड्यांचा खरारा

हाटकेशहून घोडबंदरचा किल्ला रिक्षेच्या अंतरावर आहे. पोर्तुगीजांच्या काळी इथल्या बंदरात अरबी घोडे उतरायचे, म्हणून गावाचं नाव घोडबंदर, असं सांगतात. 1737 मध्ये किल्ला मराठ्यांनी घेतला आणि घोड्यांचा व्यापारही पुढे इतिहासजमा झाला. मात्र 2023च्या जूनमध्ये हाटकेशमधल्या एका गॅरेजच्या गाळ्यात एक निवृत्त गृहस्थ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चाळीस घोड्यांना खरारा करत होते. घोडे प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनातले होते आणि खराऱ्याच्या जागी हातात दात घासायचा ब्रश होता.

सोसायटीत त्यांना सगळे काका म्हणतात. गाडी 1993ची, एमएच 04, म्हणजे ठाण्याची नोंदणी. खासगी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्या हिशेबाने 2023 हे काकांचं परीक्षेचं वर्ष. 1 एप्रिल 2022 पासून या परीक्षेची फी 600 रुपयांवरून 5000 झालेली. गाडी मागून निळा धूर सोडत होती. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि ऑइल जळतंय म्हणजे बोअर झिजलेत. काकूंच्या मते दुखणं गाडीचं नव्हतंच.

इंजिन चेनकप्पीने उचललं, खोललं, ब्लॉक लेथवाल्याकडे जाऊन नवीन बोअर करून आला. मिस्त्रींनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, बसवायच्या आधी धुऊन घेऊ. रंगाचं तुम्ही बघा." मिस्त्रींनी हे वाक्य नंतर बऱ्याचदा मागे घ्यायचा प्रयत्न केला.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, 1089 सीसीचा, मूळ फियाट 1100च्या घराण्यातला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने तो कुर्ल्यात घडवला आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने तो घरोघरी पोचवला. तीस वर्षांत या ब्लॉकवर बाहेरून ऑइल, धूळ आणि घोडबंदर रोडची खडी यांचा मिळून जो थर बसला होता, त्याला मळ म्हणणं हा मळाचा अपमान ठरला असता. तो पत्रीने खरवडावा लागला. त्याच्याखालून ब्लॉकमधलं पाणी अडवणारं लोखंडी बूच निघालं आणि ते आतून गंजून पापुद्र्यासारखं पातळ झालेलं होतं. मिस्त्रींचं निदान असं की आजवर पाणी बुचाने नव्हे, मळाने अडवलं होतं.

इंजिन धुवायचं ते दिसायला छान व्हावं म्हणून, ही काकांची समजूत तिथे संपली. धुतल्याशिवाय तडा दिसत नाही, गळती दिसत नाही. शिवाय बोअर केल्यावर आत घासायच्या दगडाची कणी राहते. ती नुसत्या डिझेलने जात नाही. डिझेल ग्रीस काढतं, कणी तिथेच ठेवतं. तिला गरम पाणी आणि साबणच लागतो. ऑइलच्या वाटा तर बोटभरही रुंद नाहीत. त्यांच्यासाठी काकांनी घरून बाटल्या धुवायचा लांब ब्रश आणला. घरी तो कुणाला विचारला नव्हता.

परीक्षा बनियनची. बोअरमध्ये पांढरं कापड फिरवायचं, करडं निघालं की पुन्हा धुवायचं. पहिल्या वेळी कापड करडं. दुसऱ्या वेळी करडं. चौथ्या वेळी कापड संपलं, काका गाळ्याच्या कोपऱ्यात गेले, आणि शर्टाच्या आतलं बनियन हातात घेऊन परतले. पाचव्या वेळी बनियन पांढरंच बाहेर आलं. काकांनी ते मिस्त्रींसमोर असं धरलं, जणू नातवाचं प्रगतिपुस्तक.

या आनंदात चहा झाला. चहाबरोबर वडापाव झाला, वडापावबरोबर काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून जाणार हा विषय निघाला. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि टॅक्सीचं वय वीस वर्षं ठरलेलं, म्हणजे हिशेब उघड होता. परत येऊन पाहतात तो बोअरला सगळीकडे शेंदरी झाक. ओलं, उघडं बीड आणि खाडीकाठची जूनमधली हवा! रंग कुठला द्यायचा याचा विचार काका करत होते, तोवर ब्लॉकने आपला आपण निवडला होता. धुऊन लगेच हवा मारून पुसायचं आणि बोअरला ऑइल चोळायचं, हे मिस्त्रींनी सांगितलं होतं. काकांनी ते "नंतर" असं ऐकलं होतं. पुन्हा साबण, पुन्हा बनियन.

रंगाची चर्चा आठवडाभर चालली. अमेरिकेत शेवरोलेच्या इंजिनाला नारिंगी आणि फोर्डच्या इंजिनाला निळा रंग देण्याची प्रथा आहे, अशी माहिती काका जेवताना देत. काकूंनी सुचवलं की जिन्याच्या ग्रिलचा हिरवा अर्धा डबा पडून आहे. दुकानदाराने वेगळाच प्रश्न विचारला: किती तापणार? ब्लॉक चालू असताना पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास राहतो. इंजिनासाठीचा चांगला इनॅमल तेवढं सोसतो. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड मात्र कित्येक शे अंशांना जातो, तिथे साधा रंग पहिल्याच दिवशी धूर होऊन निघून जातो. तिथे उष्णता सोसणारा चंदेरी. शेवटी ब्लॉक निळा ठरला, आणि ग्रिलचा डबा बचावला.

मग मिस्त्रींनी ते वाक्य टाकलं, जे या सगळ्या खटाटोपाचं सार म्हणता येईल: "काका, रंग लावणं सोपंय. न लावणं शिका." हेड बसतं तो तासलेला माथा, खालचा चेंबर बसतो ती कड, आट्यांची भोकं, बेअरिंगच्या जागा, सगळीकडे टेप. काकांनी दोन दिवस टेप लावली, कात्रीने गोल कापले, नखांनी कडा दाबल्या. त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकाही इतक्या निगुतीने चिकटवल्या नव्हत्या, असं काकू म्हणाल्या, आणि हे त्या एकट्याच खात्रीने सांगू शकत होत्या. एक हात पातळ, सुकू द्या, दुसरा हात. काकांनी तिसरा प्रेमाचा दिला.

इंजिन चढलं. शेजारपाजार जमला, नारळ तयार. काकांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बॅटरी नवी, स्टार्टर तपासलेला, आणि तरी टक्. मिस्त्रींनी इंजिनाला जोडलेली अर्थिंगची पट्टी सोडवली. तिच्याखाली काकांचा निळा रंग चमकत होता, तिन्ही हात. रंगातून वीज जात नाही. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून उघडी केली, पट्टी आवळली, आणि चाळीस घोडे एका दमात उठले. नारळ फुटला. एवढ्या निळ्या इंजिनात गाडी सुरू झाली ती त्या एका न रंगवलेल्या ठिपक्यामुळे.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी बॉनेट उघडायला सांगितलं. काकांना वाटलं, आता कौतुक. निरीक्षकांनी ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर पाहायला मागितला. नंबर होता, पण प्रेमाच्या तिसऱ्या हाताखाली त्यातला आठ कुठला आणि तीन कुठला ते कळेना. कागद ठेवून पेन्सिल घासली, तर उमटलं गुळगुळीत करडं आभाळ. काका बॉनेटखाली वाकून थिनरच्या चिंधीने एकेक आकडा साफ करत बसले. साहेबांनी घाई केली नाही, चहा घेतला, आणि दुसऱ्या कागदावर नंबर स्वच्छ उमटल्यावर सही केली.

गाडीचं नूतनीकरण 2028 पर्यंत झालं आहे. नंबराच्या पट्टीवर आता रंगाऐवजी पातळ ग्रीस असतं आणि बाटलीचा ब्रश काकूंनी नवा घेतला आहे.