सायकल दमली काय?
सायकलीची मजा नव्यानं कळायला पोर लागतं, आणि मोटारही लागते. बेळगाव 2016 साली स्मार्ट शहरांच्या पहिल्याच यादीत आलं. अशा गावात घरापासून सायकल हाणत जाणं शोभतं का? म्हणून रविवारी आम्ही बापलेक दोन्ही सायकली मोटारीच्या पाठीला बांधतो, टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर तिष्ठतो आणि सायकली फिरवायला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पोचतो. (आजोबा निपाणीच्या तंबाखू वखारीत रोज सायकलनंच जायचे. बिचाऱ्यांना पार्किंग शोधण्यातला थरार ठाऊकच नव्हता.) पुढच्या खेपेला मोटारही टेम्पोत घालून न्यावी म्हणतो, तिचीही झीज होतेच की.
परवा दोऱ्या सोडताना पोरानं चाक चाचपलं. "पप्पा, सायकल दमली काय?"
परतताना तीनशेचं पेट्रोल टाकलं.