घराला चाकं, वाऱ्याला वाट

महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली आणलं. आमच्या भाऊजींपर्यंत ते पोचायला यंदाचा आषाढ उजाडला. झोपायला बाकं, ओटा, बेसिन आणि पडद्याआड मोरी असलेली भाड्याची गाडी दारात आली. नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा, असा बेत. गाडीत शिरताच आत्यानं तिचं घर केलं: फळीवर लोणच्याची बरणी, खिडकीला दोरी, दोरीवर टॉवेल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि वळकट्या टपावर गेल्या.

वाऱ्याच्या लेखी मात्र ही चाकं लावलेली भिंत होती. शहरातल्या उड्डाणपुलावर चढताच पहिला दणका बसला. बरणीनं फळी सोडली, आत्यानं ती अधांतरी झेलली आणि भाऊजी म्हणाले, "गाडीला पिकअप चांगला आहे."

हिशेब सोपा आहे, पण वाईट आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सहा मीटर लांब, पावणेतीन मीटर उंच गाडीला ताशी ६० किलोमीटरचा वारा आडवा लागला, तर रेटा पावणेतीनशे किलोच्या आसपास जातो. म्हणजे आमचे तिन्ही काका एकाच बाजूनं टेकले! त्यातही काका एकदा टेकले की टेकूनच राहतात. वारा मध्येच अंग काढून घेतो. चालकानं चाक वाऱ्याकडे दाबून धरलेलं, शेजारी मोठा ट्रक आला की वारा गायब, आणि गाडी त्या ट्रकाच्याच ओढीला. ट्रक मागे पडला की पुन्हा थप्पड. वाडीवऱ्हेपर्यंत भाऊजी गप्प झाले होते. लग्नातसुद्धा हे साधलं नव्हतं.

घोटीच्या टपरीवर टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन परतणारा ट्रकवाला चहा पीत होता. त्यानं आमच्या टपाकडे बघून मान हलवली. "भाऊ, भरल्या गाडीची भीती नाही. रिकामी गाडी वारा खाती. पाण्याची टाकी खाली असंल ना? ती भरा. वरचं वझं खाली घ्या. गाडी हालली तर झटका मारू नका, ब्रेकवर उभं राहू नका. आधी पाय उचला." दोन वाक्यांच्या मध्ये त्यानं बिडी पेटवली, तीही पहिल्याच काडीत. माणूस वाऱ्याचा जाणकार होता.

घोटीपासून भंडारदऱ्याचा रस्ता दक्षिणेला वळतो. त्यामुळे पावसाळी पश्चिमेचा वारा थेट उजव्या कुशीत. १६४६ मीटरची कळसूबाई ढगात बसलेली. डोंगराआड सामसूम, खिंड आली की दणका. ताशी चाळीसवर आलो, मग तीसवर. एक सायकलवाला पुढे गेला. रस्त्यावर फांद्या पडलेल्या दिसल्या तेव्हा भाऊजींनी कुणालाही न विचारता गाडी मागे फिरवली.

घोटीत एका भाताच्या गिरणीमागे आडोसा मिळाला. झाड नको, जाहिरातीचा फलक नको, तोंड वाऱ्याकडे. आत्याला दाराशी पडवी हवी होती, म्हणजे गाडीचा कापडी छज्जा. "उघडला, तर तो आपल्याआधी भंडारदऱ्याला पोचेल," भाऊजी म्हणाले. मग आतच पिठलं झालं. वासानं गिरणीवाल्या मावशी डोकावल्या, बेसिन पाहिलं, पडद्याआडची मोरी पाहिली.

"नाशकात घर नाही का तुम्हाला?"

"आहे की, चौथ्या मजल्यावर," आत्या म्हणाली. "तिथं वारा येत नाही, म्हणून तर निघालो."