सेवेला म्हणे पासपोर्ट लागतो!

ऐकलंत का? बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या काकूंची नात चीनला चालली आहे. शिकायला नव्हे, शिकायला ती हाँगकाँगला आहेच, त्याचा कुंदा वाटून दोन वर्षं झाली. फिरायला नव्हे, कुणाच्या लग्नालाही नव्हे. ती चालली आहे सेवेला! तीन आठवडे, कुठल्याशा डोंगरातल्या खेड्यात, शाळेच्या भिंती रंगवायला आणि तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवायला. काकूंनी ही बातमी फोडली तेव्हा दारात भाजीची गाडी उभी होती. भाजीवाल्याच्या हातातली मेथीची पेंडी हातातच राहिली.

"भिंती रंगवायला चीनला? तिकडं रंगारी न्हाईत व्हय वो, वैनी?"

प्रश्न बिनतोड होता. मी मेथी घेतली आणि गप्प राहिले.

काकूंचं दुखणं मात्र रंगाऱ्याचं नव्हतं. गणपतीत मखराला पताका लावायची म्हटली की ज्या मुलीचं डोकं दुखायचं, ती आता परक्या मुलखात हातात ब्रश घेऊन शिडीवर चढणार. वर रोज रात्री वही लिहायची. आज काय केलं ते नव्हे, तर आज मला काय वाटलं ते. ती वही मास्तर तपासणार, तिला मार्क देणार. काकूंनी सासूची चाळीस वर्षं सेवा केली. तुम्हाला काय वाटलं, असं त्यांना कुणी एकदाही विचारलं नाही. बरंच झालं म्हणायचं, वही पुरली नसती.

आणि ही एकट्या आमच्या नातीची हौस आहे असंही समजू नका. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठानं २०१२ पासून सेवा हा सक्तीचाच विषय करून टाकला आहे. तीन क्रेडिटचा. सेवेत नापास तर पदवी नाही! आपल्याकडे सेवा म्हणजे फळाची आशा न धरता करायची गोष्ट असं घोकून घोकून आपण मोठे झालो, आणि तिकडे तिचं फळ दशांश चिन्हासकट गुणपत्रिकेवर छापून येतं. आयसेक नावाची पोरांची एक जागतिक संघटना आहे, १९४८ मध्ये युरोपात निघालेली. तिच्यामार्फत आपल्याकडची पोरंही चार-सहा आठवडे परक्या देशात सेवा करून येतात. फी भरून हं! तिकीट बापाचं, व्हिसा बापाचा आणि सेवा लेकाची. पूर्वी लोक कामाचे पैसे मागायचे. आता काम करू द्या म्हणून पैसे देतात. घोर कलियुग, दुसरं काय.

आता बेळगावला चीन म्हणजे काय ठाऊक? संध्याकाळी कोपऱ्यावर लागणारी गाडी, मोठी कढई, आणि लालभडक गोबी मंचूरियन. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं त्या लाल रंगावर बंदी घातली, तेव्हा आमच्या गल्लीचे चीनशी असलेले संबंध जेवढे ताणले गेले तेवढे सीमेवरही कधी ताणले गेले नसतील. अशा गावातली मुलगी चीनच्या खेड्यात जाऊन राहणार, तिथलं खाणार. काकूंनी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लाडूंचा डबा कुरिअरनं हाँगकाँगला रवानाही केला. सेवेकरणीला डबा लागतो, यात काकूंना काही वावगं दिसत नाही.

मी मात्र माझ्या निपाणीच्या भाच्याला फोन केला. त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. "मावशी, मी तर रोज परराज्यात जातोय की!" खरंच आहे त्याचं. घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. कॉलेज देवचंद, ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. गावातून चालत निघायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत दुसऱ्या राज्यातल्या वर्गात बसायचं. विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी, रेशनकार्ड बेळगाव जिल्ह्याचं. १९५६ पासून या मुलखावरून दोन राज्यं भांडताहेत, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि ही पोरं सकाळी पहिल्या तासाला सीमा ओलांडून दुपारी भाकरी खायला पुन्हा कर्नाटकात हजर. याला कुणी परदेशी अनुभव म्हणत नाही. क्रेडिट तर लांबच राहिलं.

नाही म्हणायला कोरोनात हीच सीमा खरोखरीची परदेशी झाली होती. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय कोल्हापूरकडची गाडी आत सोडत नव्हते. विषाणू आला चीनमधून आणि व्हिसा लागला कोगनोळीला! त्याच सुमारास चीनमध्ये डॉक्टरकी शिकणारी आपली हजारो पोरं घरी अडकून पडली होती. मोबाइलच्या चौकोनात बघून शरीरशास्त्र शिकत होती. त्यांच्या आया मात्र अजूनही 'मुलगा चीनला असतो' असंच सांगायच्या. मुलगा आतल्या खोलीत झोपलेला असायचा.

असो. सेवेकडे वळते.

आमच्या वेळी सेवेसाठी पासपोर्ट लागत नव्हता, टमरेल लागायचं. एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना! २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या शताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार पोरांना घेऊन ही योजना निघाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं शिबिर. शिबिराचं गाव निपाणी, चिकोडी, खानापूर अशा कुठल्यातरी बाजूचं. मुक्काम शाळेच्या वर्गात, सतरंजीवर. पहाटे प्रभातफेरी, मग कुदळ-पाटी घेऊन श्रमदान, दुपारी कुणा पाहुण्यांचं बौद्धिक, रात्री व्यसनमुक्तीचं पथनाट्य. तंबाखूच्या पट्ट्यात व्यसनमुक्तीचं पथनाट्य! समोर बसलेल्या बाया दिवसभर विड्या वळून आलेल्या असायच्या. आमच्यातला एक जण खोटं खोटं खोकत कोसळला की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटी एकीनं विचारलं होतं, "विडी वळायची सोडतो बाई, मग तू देतीस व्हय हप्त्याचा पगार?" आमच्या संहितेत याचं उत्तर नव्हतं. पाहुण्यांच्या बौद्धिकातही नव्हतं. १९८१ मध्ये याच निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे हमरस्ता अडवला, गोळीबार झेलला. आणि आम्ही त्यांना तंबाखू वाईट असते हे नाटकातून समजावणार होतो. आज आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

श्रमदानाचंही ऐकून घ्या. आम्ही एक शोषखड्डा खणला. चाळीस जणांनी, सहा दिवस. सातव्या दिवशी समारोपाच्या आधी गावातला एक म्हातारा आला, खड्ड्यात डोकावला आणि कुणाला काही न बोलता एकट्यानं त्याच्या कडा सारख्या करून गेला. सात दिवस आम्हाला भाकरी, आमटी, झुणका पुरवला तो त्या गावानं, पीठ मळलं त्या गावच्या बायांनी. आता हिशेब करा, सेवा कुणी कुणाची केली? प्रमाणपत्र मात्र आम्हाला मिळालं. मला वाटतं, त्या चिनी खेड्यातही हेच होणार. आपल्या नातीला जेवू घालायला कुणीतरी आजी चार वाजता उठणार, आणि ही वहीत लिहिणार की आज मी खूप काही दिलं.

एवढं ऐकल्यावर काकूंच्या पोटात जो गोळा आला तो वेगळाच होता. त्या हळूच म्हणाल्या, "अगो, पण चीनला सेवेला गेलेला तो सोलापूरचा डॉक्टर परत आलाच नाही की!"

अगबाई, कोटणीस! बरोबर आठवलं त्यांना. सेवा-सहलीचे सगळे नियम धाब्यावर बसवणारा आपल्याकडचा पहिला माणूस तोच. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचा, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेला. जपानचं आक्रमण झालेल्या चीननं मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९३८ च्या जुलैत देशभर 'चीन दिन' पाळून २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. त्यातले चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचांत दोघे मराठी. १ सप्टेंबर १९३८ ला बोट मुंबईहून सुटली. त्या काळी रोज रात्री मला काय वाटलं लिहायची सोय नव्हती, आणि जिथं ते पोचले तिथं रात्री बहुधा जखमींच्या रांगेतच जायच्या.

आता बघा हं या मुलाचे प्रताप. काम झाल्यावर मुकाट्यानं परतावं की नाही? तर नाही. एकेक करून सोबतचे परतू लागले, हा उत्तरेकडे आणखी आत गेला, डोंगरातल्या आघाडीवर. १९४० मधल्या एका लढाईत ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करत राहिला, आठशेवर जखमी हाताखालून गेले, असं सांगतात. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावच्या इस्पितळाचा हा प्रमुख झाला. बरं, तेवढ्यावर थांबावं? हा पठ्ठ्या चिनी भाषा शिकला! नमस्कार-चमत्कारापुरती नव्हे, त्या भाषेत शिकवण्याइतकी. आणि मग जे व्हायचं तेच झालं. ग्वो चिंगलान नावाची नर्स. १९४१ च्या अखेरीस लग्न. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा, त्याचं नाव ठेवलं इन्ह्वा. 'इन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते. इथं दोन देशांनी मिळून ठेवलं. आणि पोर चार महिन्यांचंही झालेलं नसताना, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यानं कोटणीस गेला. वय ३२.

पुढे १९४६ मध्ये कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी त्याच्यावर सिनेमा काढला, स्वतःच कोटणीस झाले आणि जयश्रीबाईंना चिंगलान केलं. काकूंना खरी गोष्ट सगळी त्या सिनेमातूनच ठाऊक, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर चीन म्हणजे जयश्री. सोलापुरात भय्या चौकात कोटणिसांच्या घराचं स्मारक झालं आहे. चीनमधून कुणी मोठा पाहुणा भारतात आला की कोटणीस कुटुंबाची विचारपूस व्हायची. चार वर्षं राहिलेल्या माणसाला एवढं मिळालं. तीन आठवडेवाल्यांना काय मिळणार? टी-शर्ट.

भाजीवाला एव्हाना हिशेब विसरून ऐकत होता. "म्हंजे राहायला पायजे," तो म्हणाला आणि कोथिंबीर फुकट टाकली.

तशी उलट्या दिशेची वाहतूकही आपल्याकडे जुनीच. सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा एक चिनी विद्यार्थी बादशहाची परवानगी न काढता घरातून पळाला, नालंदेत शिकला, हिंडत हिंडत पुलकेशीच्या राज्यात आला आणि त्याला 'महाराष्ट्र' असं लिहून मोकळा झाला. पुलकेशीची राजधानी बदामी! म्हणजे कर्नाटकात! एका चिनी पोराच्या सहलीच्या वहीनं सीमाप्रश्न तेराशे वर्षं आधीच चिघळवून ठेवला, आणि तो मात्र ६५७ ग्रंथ घेऊन आरामात घरी परतला. शिवाय या मुलखातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असंही लिहून गेला. थोडाच काळ राहून आमची एवढी अचूक नस पकडणाऱ्याला मी तरी पैकीच्या पैकी मार्क देईन.

मग अमेरिकेची पीस कोअर. १९६१ पासून पंधराएक वर्षं त्यांचे स्वयंसेवक भारतात येत होते. त्यांतल्या एक बाई वयाच्या ६८ व्या वर्षी विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत नर्सचं काम करून गेल्या. लिलियन कार्टर त्यांचं नाव. दहा वर्षांनी त्यांचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला. विक्रोळीत कुणाकुणाला त्यांनी इंजेक्शन टोचलं असेल, त्या दंडांचा काय रुबाब वाढला असेल!

आणि आमचं बेळगाव? इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी डॉक्टरांबरोबर आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत एक काम केलं. बाळंतपणात रक्तस्राव होऊन बाया जातात, तो थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या साध्या गोळ्या, ज्यांना ना फ्रिज लागतो ना सुई. १,६२० बायांवर चाचणी झाली. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, आणि २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पण गोळी दिली कुणी? उपकेंद्रातल्या नर्सबाईनं, रात्री-अपरात्री कुणाच्या तरी माजघरात चिमणीच्या उजेडात उभं राहून. तिनं कुठली भिंत रंगवली नाही. तिला काय वाटलं, हे लिहायला वहीही दिली असेल असं वाटत नाही. कुणाला खरंच सेवा बघायची हौस असेल तर चीनऐवजी तिच्या मागे महिनाभर स्कूटरवर बसून हिंडावं, असं मी काकूंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "ते इन्स्टाग्रामला कसं टाकणार गो?"

तर नात गेली. फोटो आलेत. भिंत निळी रंगवली आहे, तिच्यावर एक पांडा काढला आहे. पांडा आहे की म्हशीचं रेडकू यावर गल्लीत दोन तट आहेत. मुलांचे फोटो आहेत, एका आजीचा आहे, चुलीपाशी. आजीच्या बाजूला आमची नात चक्क खाली बसून शेंगा सोलते आहे. ते बघून काकू पाच मिनिटं बोलल्याच नाहीत.

मग त्यांनी चष्मा लावला आणि फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. पांड्याच्या फोटोत शिडी धरून एक उंच मुलगा उभा आहे. शेंगांच्या फोटोत तो मागे पाणी भरतो आहे. बसच्या फोटोत तो नातीच्या शेजारच्या खिडकीत आहे. काकूंनी बोटानं मोठा करून बघितला, मला दाखवला, आणि मग दार लोटून घेऊन नातीला फोन लावला. फार काही विचारलं नाही म्हणतात. फक्त आडनाव विचारून घेतलं.