शिरस्तेदार

प्रत्येक भावकीत असा एक गृहस्थ असतोच की, ज्याची नोकरी संपते परंतु कचेरी संपत नाही; निवृत्तीच्या दिवशी तो छत्री, चष्म्याचे घर आणि लाल फडक्यात बांधलेले दप्तर यांच्यासह तिलाही घरी घेऊन येतो, आणि मग बारशापासून तेराव्यापर्यंतच्या सर्व प्रकरणांची सुनावणी त्याच्या ओटीवर चालू लागते. पिंगुळीच्या आमच्या भावकीतील या गृहस्थांना सारे ‘शिरस्तेदार’ म्हणतात. वस्तुतः ते साधे कारकून म्हणून निवृत्त झाले. परंतु ‘शिरस्ता’ हा शब्द दिवसातून इतक्या वेळा उच्चारणाऱ्या माणसाला लोकांनीच बढती दिली, आणि तिच्याविरुद्ध त्यांनी कोठेही अपील केले नाही.

पुतण्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस हे त्यांच्यापुढे आलेले सर्वांत बिकट प्रकरण. मूल जन्मले ३० जुलै २०२३ रोजी, म्हणजे अधिक श्रावण शुद्ध द्वादशीस; आणि अधिक महिना दुसऱ्या वर्षी फिरून येत नसल्याने वाढदिवस निज श्रावणातच धरणे प्राप्त होते. एरवी तिथी तारखेच्या अकराएक दिवस आधी येते. येथे मधल्या अधिकामुळे मुलाच्या पहिल्या वर्षात तेरा चांद्रमास पडले आणि तिथी १७ ऑगस्ट २०२४ वर जाऊन बसली. पंचांगाच्या दृष्टीने हा किरकोळ फरक; परंतु तारखेचा ३० जुलै आषाढात, गटारी अमावास्येच्या पाच दिवस अलीकडे पडत होता, आणि तिथीचा दिवस ऐन श्रावणात, त्यातही शनिवारी. भावकीतील तरुण पक्षाच्या प्रवक्त्याने ओटीवर येऊन मुद्दा निःसंदिग्ध शब्दांत मांडला : “काकांनू, तारखेक केल्यात तर कोंबडी, तिथीक केल्यात तर काळे वाटाणे, काय ता तुमीच ठरवा.”

शिरस्तेदारांनी दोन दिवस निकाल राखून ठेवला. तिसऱ्या दिवशी हुकूम झाला की, वाढदिवस तिथीप्रमाणेच व्हावा. मात्र ३० जुलै रोजी कोंबडी-वडे करण्यास हरकत नाही, फक्त त्या जेवणाचा मुलाच्या जन्माशी कसलाही संबंध दाखविण्यात येऊ नये. त्या जेवणास ते स्वतः उपस्थित राहिले आणि, स्थळपाहणी म्हणून असेल, दोन तंगड्या त्यांनी निर्विकार चेहऱ्याने निकालात काढल्या.

पिंगुळी हे कळसूत्री बाहुल्यांचे आणि चित्रकथीचे गाव. ठाकर समाजाने पिढ्यानपिढ्या जतन केलेल्या या कलेसाठी येथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हे सर्वश्रुतच आहे. परंतु बाहुल्या नाचविणारा सूत्रधार निदान पडद्याआड उभा राहतो. आमचे शिरस्तेदार १७ तारखेला सकाळपासून खळ्याच्या मधोमध उभे राहून उघडपणे दोऱ्या ओढीत होते. पाट पूर्वाभिमुख आहे की नाही, तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता आणि कापूस हे जिन्नस रुजू आहेत की नाहीत, याची त्यांनी यादीवरून रुजुवात घेतली. अंगठी कोणाची, हेही टिपून ठेवले. मागे एका बारशात ती तबकातून निघून थेट माजघरात दाखल झाल्याचा पूर्वदाखला होता. कुडाळहून आणलेल्या केकच्या खोक्यावरील ‘बिनअंड्याचा’ ही अक्षरे त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि मगच त्याला उंबरठा ओलांडू दिला. मेणबत्तीचा अर्ज मात्र सरसकट नामंजूर झाला. निरांजन तेवत असता त्याच पाटासमोर दुसरी ज्योत फुंकून विझविणे त्यांच्या बुद्धीला रुचेना.

सुवासिनींनी वयाच्या क्रमाने ओवाळले. त्यानंतर शिरस्तेदार तुळशीपुढे गाऱ्हाण्यास उभे राहिले. “बा देवा म्हाराजा,” अशी सुरुवात होताच त्यांच्या आवाजातली कचेरी कुठल्या कुठे गेली. पोराच्या वाटेतला काटाकुटा दूर कर, त्याला दातांचा त्रास होतो आहे तो लवकर निवार, त्याचा बापूस मुंबईस एकटा खातोपितो त्याच्याकडेही लक्ष असू दे, असे ते एकेक मागू लागले आणि आम्ही प्रत्येक मागणीवर “होय म्हाराजा” म्हणत राहिलो. एका ठिकाणी ते थांबले, घसा खाकरला, आणि मग काय मागायचे होते ते न मागता पुढच्या कलमाकडे वळले.

वडे आणि काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याची पंगत उठल्यावर ते आहेराची वही घेऊन ओटीवर बसले. ज्याने जे दिले ते त्याच्या घरच्या कार्यात तोलास तोल परत जावे, यासाठी ही वही. प्लास्टिकचे हत्ती तीन, झबली सात, सावंतवाडीचा लाकडी बैल एक, रोख पाकिटे अकरा. शेवटच्या रकान्यात नोंद घेण्यासाठी त्यांनी लेखणी टेकवली, तेवढ्यात उत्सवमूर्ती रांगत आली आणि केकने माखलेला हात नेमका पानाच्या तळाशी दाबून स्वस्थ बसली. घरातील सर्वांचा श्वास रोखला गेला, कारण त्या वहीवर शाईचा ठिपका पडला तरी चौकशी होत असे.

शिरस्तेदारांनी पान उजेडाकडे धरले, पुष्कळ वेळ निरखले, आणि त्या तांबूस-पांढऱ्या डागाखाली वळणदार अक्षरात लिहिले : ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा. समक्ष.’ खाली त्यांनी स्वतःची सही केली, आणि शिरस्त्याप्रमाणे तारीख घातली.