कै. कॅलथ्रॉप साहेबांस, सप्रेम तक्रार

कै. एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेब,
बार्शी लाईट रेल्वेचे जनक, मुक्काम परलोक

सा. न. वि. वि.

आम्ही माकणीचे, ता. लोहारा, जि. धाराशिव. तेरणा नदी तेर-ढोकीकडून वाहत आमच्या धरणात येते. तुमचे रूळ मात्र ढोकीवरून परस्पर लातूरला गेले, तेही १९११ सालीच. म्हणजे आमचं-तुमचं देणंघेणं काही नाही. तरी तक्रार आहे.

तक्रार अशी, की येडशीचा घाट तुम्ही फार सोसवेल असा बांधलात. रूळ अडीच फुटी, एका आसावर पाच टनांचा भार, आणि चढ इंजिनाला झेपेल इतपतच. जिथे धापा टाकत का होईना, डबे चढले, तिथे साधी सायकलही चढेल, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? २००८ साली ब्रॉडगेज आली, नवा मार्ग धाराशिवचा वळसा घेऊन गेला, आणि पांगरी-येडशीमधली तुमची जुनी वाट रामलिंगच्या झाडीत पडून राहिली. उद्या कुणाला तिथून चालावंसं वाटलं, तर जबाबदार कोण?

तुमच्या मुलखातली माणसं तर अगदीच गाफील. स्टॅफर्डशायरची लीक आणि मॅनिफोल्ड लाईन तुमचीच ना? बार्शी थोरली, १८९७ची. ती धाकटी, १९०४ची. रूळ तेच, अडीच फुटी. १९३४ साली ती बंद पडली आणि १९३७ साली त्याच वाटेवरून माणसं हिंडू लागली! आज हल्म एंडपासून वॉटरहाऊसेसपर्यंत तेरा-एक किलोमीटर लोक चालतात, सायकली हाकतात, वाटेत एका बोगद्यातून जातात. थोड्या टप्प्यात मोटारीही आहेत म्हणे, तेवढाच आम्हाला दिलासा. तीन वर्षांत! आमच्याकडे तीन वर्षांत वारसाची नोंद सातबाऱ्यावर चढली तरी पेढे वाटतात. बार्शी तिथे सरशी म्हणतात, पण इथे धाकटीच सरस निघाली.

आमची माणसं चालत नाहीत असं समजू नका. तुमची गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली, म्हणून दिंड्या थांबल्या नाहीत. पण विठोबाकडे जायचं नसताना, नुसतंच, हवा खात चालायचं म्हणजे लोक विचारतात, ‘शुगर निघाली का?’

शिवाय रामलिंग घाट १९९७पासून अभयारण्य आहे. वाट मागायला गेलो तर रेल्वेवाले वनखात्याकडे बोट दाखवतील, वनखातं रेल्वेकडे, आणि दोघंही म्हणतील, जनावरांना त्रास होईल. बरोबरच आहे. श्रावणी सोमवारी रामलिंगाच्या दर्शनाला हॉर्न वाजवत येणाऱ्या गाड्यांचा त्रास होत नसावा, सायकलच्या घंटीचा होत असेल. माकडांचं मत कुणी घेतलेलं नाही. ती तेव्हा भाविकांच्या पिशव्या तपासण्यात गुंतलेली असतात.

तशी आमची गैरसोय काही नाही. सायकलला सोलापूर-धुळे महामार्ग आहे की! चौपदरी. गाळपाच्या हंगामात मागून ट्रॅक्टर येतो, मागे दोन ट्रॉल्या, साउंडवर हलगी, लाल दिव्याच्या जागी नुसती वायर लोंबतेय. पहिली ट्रॉली नीट जाते. दुसरी झोला खाते आणि बाहेर आलेला ऊस हँडलला घासून जातो. आपण साइडपट्टीच्या खडीत उतरायचं, चेन पडते, ती बसवायची, काळे हात पँटला पुसायचे, आणि खाली पडलेलं कांडं उचलून खात पुढे निघायचं. असली मजा तुमच्या त्या मॅनिफोल्डच्या दरीत आहे?

तेव्हा कृपा करून एवढंच करा. आमच्या कुणा पुढाऱ्याच्या स्वप्नात येऊन त्या धाकटीची गोष्ट सांगू नका. सकाळी उठून ते भूमिपूजन करतील, कोनशिला बसवतील, आणि मग झाडीत ती कोनशिला तेवढी राहील.

कळावे,
आपला,
माकणीचा एक सायकलवाला

ता. क. : पहिल्या महायुद्धाच्या काळात तुम्ही वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं होतंत, ‘गार्डियन एंजल’ नावाचं. एखादं शिल्लक असेल तर पाठवा, ट्रॉलीला ओव्हरटेक करताना लागतं. जरा मोठ्या मापाचं बघा, कॅरिअरवर डबलसीट असतो.