डोक्यातला हिशोब

कापसाचा हंगाम भरात आला की बाभुळगावच्या आसपास दिवेलागणीला शेतोशेती एकच कार्यक्रम. ताणकाटा टांगायचा, वेचलेल्या कापसाची गाठोडी एकेक करून लावायची आणि किलो लिहून घ्यायचे. लिहिणारा बहुधा घरातला शिकलेला मुलगा. डायरी त्याच्याकडे, पेन त्याच्याकडे, मोबाइलही त्याच्याकडे. तरी बाजाराच्या दिवशी मजुरीचा हिशोब अडला की सगळे बघतात ते आमच्याकडे वेचायला येणाऱ्या मावशीकडे. तिला अक्षरओळख नाही.

"काय वो मावशी, एवढं ध्यानात कसं राहते?"

"ध्यानात कायले ठेवा लागते? गाठोडं दिसते ना मले. सोमवारी या बाईचं हिरव्या लुगड्यात होतं, गाठ सुटाले आली होती. अठ्ठावीस भरलं."

हे सांगताना तिच्या इतर गप्पा चालूच. सुनेची तब्येत, डाळीचा भाव, सगळं. आकडा हलत नाही.

आमचे वडील याच्या अगदी उलट. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकलेली पिढी. सवायकीत सातला किती, विचारलं की ते एकापासून गुणगुणत निघणार आणि पावणेनऊवर येऊन थांबणार. मध्येच कुणी "चहा ठेवू का?" म्हटलं की संपलं, गाडी परत एकापासून. बडबड करणारी बाई हिशोब करतच नसणार, अशी त्यांची खात्री होती. आणि हे पुटपुटतात तो हिशोब नसून जप आहे, अशी मावशीची.

या भांडणाचा निकाल पार अमेरिकेत लागलेला आहे. रिचर्ड फाइनमन हे पुढे नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ प्रिन्स्टनला शिकत असताना मनातल्या मनात मोजण्याचे प्रयोग करत. साठपर्यंत मोजायला त्यांना साधारण 48 सेकंद लागत. मोजता मोजता वाचता येई, पण बोलता येत नसे, कारण ते आकडे मनात उच्चारत. हे त्यांनी मित्रांना सांगितलं, तर जॉन टुकी हा गणिती म्हणाला, माझं नेमकं उलटं: बोलता येतं, वाचता येत नाही. त्याच्या डोळ्यांपुढून आकड्यांची पट्टी सरकत असे. थोडक्यात, आमचे वडील फाइनमन आणि मावशी टुकी.

मोजणं राहू द्या, इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी तर 1880 च्या सुमारास लोकांना विचारलं होतं, आज सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणा, काय दिसतं? कुणाला कपबशीची नक्षीसुद्धा दिसली. बऱ्याच शास्त्रज्ञांना मात्र काहीच दिसलं नाही; 'मनात चित्र दिसणं' ही नुसती बोलण्याची पद्धत आहे, असंच ते समजत होते. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी या न दिसण्याला नाव दिलं, अफँटेशिया. तोवर इतकी माणसं जन्मभर कुणाला न सांगता जगली, कारण आपल्यासारखंच सगळ्यांचं, हे प्रत्येकाने धरूनच चाललेलं. जेवणात मीठ कमी-जास्त झालं की आपण लगेच बोलतो. डोक्यातलं कोण कुणाला विचारतं?

मी आमच्या डायरीवाल्याला विचारलं. आकडा दिसतो की ऐकू येतो? तो जरा थांबला. म्हणाला, "दोन्ही नाही. आकडा येते, बस."

मावशी ऐकत होती. तिने त्याच्याकडे फार काळजीने पाहिलं आणि मला विचारलं, "मंग याची ते डायरी बरोबर असते का वो?"